साडेनऊचा गट

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. दुसरीच्या वर्गात घंटा होऊन गेली आहे आणि न्याहारी आत्ता कुठे सुरू होते आहे. दाराशी दोन जाडजूड पिशव्या येऊन पडल्यात. एकीत दुधाची छोटी गार खोकी, दुसरीत अजून ऊब असलेले मफिन. टीचर यादी घेऊन उभ्या आहेत. मुलं रांगेने येतात, दूध, मफिन, सफरचंदाच्या फोडींची पुडी उचलतात आणि टीचर नावापुढे खूण करतात. फळ घ्यावंच लागतं. ठरलेल्यांपैकी किमान तीन वस्तू हातात असल्या आणि त्यांत फळ असलं, तरच त्या न्याहारीचे पैसे केंद्र सरकारकडून येतात. ज्याला दूध नको असतं तो न उघडलेलं खोकं खिडकीखालच्या टोपलीत ठेवतो. ज्याला आणखी हवं असतं तो तिथून उचलतो. मागच्या रांगेतली एक मुलगी रोज दोन खोकी पिते. तिला कुणी काही विचारत नाही.

घंटेनंतर न्याहारी, हे मुद्दाम केलेलं आहे. पूर्वी ती शाळा भरण्याआधी कॅफेटेरियात मिळे. उशिरा येणारी मुलं हुकत, आणि आपल्याला फुकट मिळतं हे दिसू नये म्हणून काही मुलं तिकडे फिरकतच नसत. ज्या शाळांत सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त मुलं मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत तिथे न्याहारी घंटेनंतरच द्यायची, असा कायदा न्यू जर्सीने २०१८ मध्ये केला. या शाळेत तर कोणाचं फुकट, कोणाचं सवलतीत, कोणाचं पूर्ण पैशांनी ही वर्गवारीच उरलेली नाही. अन्नमदतीसारख्या सरकारी योजनांच्या यादीत पुरेशी मुलं आधीच असली, तर अख्ख्या शाळेला जेवण मोफत देता येतं. ही सोय २०१० च्या केंद्रीय कायद्याने आली. आधी त्यासाठी चाळीस टक्के मुलं यादीत लागत, २०२३ मध्ये ती अट पंचवीस टक्क्यांवर आली.

खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी आहे. टीचर एक मफिन आणि एक दूध बाजूला काढून ठेवतात. तिथे बसणाऱ्या मुलाची गाडी अजून आलेली नाही.

हे पॅटरसन. शाळेपासून थोड्याच अंतरावर पसेइक नदी ७७ फूट खाली कोसळते. या पाण्याच्या जोरावर अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९० च्या दशकात इथे उद्योगनगरी वसवायला घेतली. पुढे रेशमाचे माग आले, शहराला रेशीमनगरी म्हणू लागले, १९१३ साली रेशीम कामगारांचा मोठा संप झाला, आणि मग माग गेले. मी इचलकरंजीची आहे. विटांच्या त्या जुन्या कारखान्यांवरून बस जाते तेव्हा आत किती माग बसत असतील याचा अंदाज मी अजूनही घेते. आज त्या गल्ल्यांतून डॉमिनिकन, पेरुव्हियन, पॅलेस्टिनी, बांगलादेशी कुटुंबं राहतात, बहुतेक भाड्याने. दुकानांच्या पाट्या स्पॅनिश, अरबी, बंगाली. शाळांना इथे बहुधा नावापेक्षा नंबरानेच ओळखतात. आमचा नंबर सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते मुलांचं आहे.

साडेनऊ. वर्गाच्या कोपऱ्यात नालेच्या आकाराचं टेबल आहे. आतल्या बाजूला मी, बाहेरच्या बाजूला चार खुर्च्या. आज तीन मुलं आहेत. टीचर पलीकडे गालिच्यावर बाकीच्यांना घेऊन बसल्या आहेत. मी शिक्षिका नाही, सहायक आहे. मुलं मला नुसतं ‘मिस’ म्हणतात. केंद्राच्या ज्या निधीतून माझा पगार होतो त्याचं नाव ‘टायटल वन’. या निधीतून नेमलेल्या सहायकाचं दोन वर्षांचं कॉलेज झालेलं असावं लागतं, किंवा वाचन, लेखन आणि गणिताची परीक्षा पास व्हावी लागते. शिवाय शिकवायचं ते शिक्षकांच्या देखरेखीखाली.

प्रत्येकासमोर तीन चौकटींचं एक कार्ड आणि तीन प्लॅस्टिकच्या चकत्या. मी म्हणते, “शिप.” मुलांनी शब्दातले आवाज सुटे करायचे आणि एकेका आवाजाला एकेक चकती चौकटीत सरकवायची. श्, इ, प्.

“शिब,” डावीकडची म्हणते. तिच्या घरी अरबी बोलतात, आणि अरबीत ‘प’ नाही. तिला ‘प’ ऐकूच जात नाही, ‘ब’च ऐकू येतो. मी तिचा तळवा तिच्या ओठांसमोर धरते. “पिग म्हण.” ती म्हणते. “हातावर फुंकर आली?” नाही आली. मी माझ्या ओठांसमोर तिचा हात धरून म्हणते, “पिग.” ती दचकून हात मागे घेते आणि हसते. मग स्वतः करून बघते. चौथ्या-पाचव्या वेळी फुंकर येते, तेव्हा ती हात शेजारणीच्या तोंडासमोर नेते आणि तिलाही म्हणायला लावते.

ती शेजारीण बंगाली घरातली. वाचनात या गटातली सगळ्यांत पुढची. तिच्यासमोर कार्ड आलं, ‘शेड’. तिने ते न अडखळता वाचलं. शेड म्हणजे काय, असं विचारल्यावर मात्र ती माझ्याकडे बघत राहिली. शब्द वाचता येणं आणि शब्द कळणं ही दोन वेगळी कामं आहेत. चाचणीत तिचं पहिलं काम चांगलं दिसतं, म्हणून दुसरं पटकन लक्षात येत नाही. मी पांढऱ्या पाटीवर उतरतं छप्पर काढते, आत फावडं आणि सायकल काढते. “आमच्या घरमालकाकडे आहे,” ती म्हणते. “आम्हाला जायला परवानगी नाही.” आता तो शब्द तिचा झाला. पंचवीस मुलांपुढे उभ्या असलेल्या बाईंना हे चित्र काढायला फुरसत कुठून मिळावी? या टेबलाचं काम नेमकं हेच आहे, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

नऊ बेचाळीसला दार उघडतं. मुलगा आत येतो, पाठीवर दप्तर, एका हातात टीचरनी ठेवलेला मफिन. तो आणि त्याची आई सध्या दुसऱ्या गावात मावशीकडे राहतात, मावशीच्या कुटुंबासोबत दोन खोल्यांत. उन्हाळ्यात इथलं भाडं वाढलं आणि ते परवडलं नाही. कायद्याच्या लेखी हा मुलगा बेघर आहे. रस्त्यावर झोपणारीच मुलं बेघर, असं १९८७ चा मॅकिनी-व्हेंटो कायदा मानत नाही. घर गेल्यामुळे किंवा तंगीमुळे दुसऱ्याच्या घरी दाटीने राहणारी मुलंही त्यात येतात, आणि देशभरात नोंद झालेल्या दहा लाखांहून अधिक बेघर विद्यार्थ्यांत सर्वांत मोठी संख्या अशाच मुलांची आहे. या मुलाला आपल्या जुन्या शाळेतच राहण्याचा हक्क आहे आणि ने-आण करायची जबाबदारी स्थानिक शिक्षण विभागाची. गाव दुसरं असेल तर खर्च दोन्ही विभागांनी आपसांत ठरवायचा. जमलं नाही तर निम्मा-निम्मा. म्हणून रोज सकाळी एक गाडी त्याला घेऊन येते. ती वाटेत इतर मुलांनाही घेते, आणि हमरस्त्यावर गर्दी असली की असा उशीर होतो.

“आधी खा,” मी म्हणते. तो खाता खाताच चकत्या पुढे ओढतो. उशीर झाला की तो घाईत असतो.

“शिप,” मी म्हणते.

“चिप.”

स्पॅनिशमध्ये ‘श’ नाही, ‘च’ आहे. त्याच्या कानाने जवळचा आवाज निवडला. च आणि श दोन्ही तालव्य, हे आम्ही शाळेत व्याकरणात पाठ केलं होतं. ते पॅटरसनमध्ये उपयोगी पडेल असं तेव्हा कुणाला वाटलं असतं? ‘च’ म्हणताना जीभ टाळूला टेकते आणि सुटते. ‘श’ म्हणताना टेकतच नाही, वारा वाहत राहतो. “हा आवाज लांबव,” मी म्हणते आणि बोट टेबलावरून सरकवत नेते, “शशशशश.” तो बोट ठेवतो, “च, च, च.” लांबवता येत नाही. त्याचं त्यालाच ते कळतं, त्याच्या कपाळावर आठी पडते. पुन्हा. तिसऱ्यांदा जीभ टाळूपासून सुटी राहते आणि आवाज टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. “शशशशशिप!” फुंकरवाली टाळी वाजवते. लगेच मी ‘शॉप’ देते आणि तो म्हणतो, “चॉप.” परत बोट, परत टेबल. घरी उरलेल्या वेळात त्याला हे कुणी करून देणार नाही. आई कामावर, मावशी कामावर, आणि दोघींच्याही भाषेत हा आवाज नाही.

दहा वाजतात. गट संपतो. इतरांना तीस मिनिटं मिळाली, त्याला अठरा.

टेबलाच्या खालच्या बाजूला एक छोटं स्टिकर आहे, ‘टायटल वन’. भिंतीजवळच्या लॅपटॉपच्या गाड्यावरही तेच. केंद्राच्या पैशांतून घेतलेली वस्तू हिशेबात वेगळी दाखवावी लागते. माझंही तसंच: माझा सगळा वेळ याच कामात गेला, अशा कागदावर मी सही करते. नवख्या माणसाला हे कारकुनी खूळ वाटेल. मला वाटत नाही, कारण त्यामागचा इतिहास मला माहीत आहे.

टायटल वन ज्या कायद्यातून आला तो १९६५ चा, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा. १९२८-२९ मध्ये ते टेक्सासमधल्या कोटुला गावी मेक्सिकन वंशाच्या मुलांना शिकवत होते. ती मुलं उपाशीपोटी शाळेत येत. ११ एप्रिल १९६५ ला कायद्यावर सही करताना ते वॉशिंग्टनमध्ये नाही, टेक्सासमध्ये होते. लहानपणी ते ज्या एकखोली शाळेत बसत तिच्यासमोर टेबल मांडलं, पहिल्या बाई केट डेडरिक लोनी यांना शेजारी बसवलं आणि सही केली. अमेरिकेत शाळेचा पैसा मोठ्या प्रमाणात गावाच्या घरपट्टीतून येतो, म्हणजे गरीब गावाची शाळा गरीब. ती तूट थोडीफार भरून काढायला केंद्राने गरीब मुलांच्या संख्येनुसार जादा पैसे द्यायचे, अशी कल्पना. पण चारच वर्षांत, १९६९ मध्ये, रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्क्लुअर यांच्या अहवालाने दाखवून दिलं की बऱ्याच ठिकाणी हे पैसे शाळांच्या नेहमीच्या खर्चात मुरून जात आहेत, ज्यांच्यासाठी आले त्या मुलांपर्यंत पोचतच नाहीत. त्यानंतर नियम आवळले गेले. राज्याने आणि गावाने जे द्यायचं ते द्यायचंच, केंद्राचा पैसा त्यावर जादा. टेबलाखालचं स्टिकर त्या अहवालाचं देणं आहे.

आज हा निधी वर्षाला १८ अब्ज डॉलरच्या आसपास आहे आणि देशातल्या निम्म्याहून अधिक सरकारी शाळांपर्यंत पोचतो. आकडा मोठा, पण इतक्या शाळांत वाटला की एका शाळेच्या वाट्याला येते दोन-चार माणसं आणि थोडी पुस्तकं. सरकारी शाळांच्या एकूण खर्चात केंद्राचा सगळा हिस्सा मिळून दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. पॅटरसनला राज्याकडूनही बरंच मिळतं. ‘ॲबट’ खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये गरीब शहरांना न्याय दिला आणि १९९८ च्या निकालाने तीन-चार वर्षांच्या मुलांना इथे मोफत बालवाडी मिळाली. या दुसरीतली बरीच मुलं त्याच बालवाडीतून आली आहेत.

दुपार भरभर जाते. तीननंतर शाळेतच सहापर्यंतचा वर्ग असतो: गृहपाठ, खाऊ, बुद्धिबळ, एक नाचाचा तास. त्याचे पैसे केंद्राच्या दुसऱ्या एका योजनेतून येतात, आणि २०२५ च्या जुलैत ते येतील की नाही हेच कळत नव्हतं. १ जुलैला राज्यांना मिळायचा सुमारे ६.८ अब्ज डॉलरचा शिक्षणनिधी केंद्र सरकारने अडवून ठेवला. त्यात हे शाळेनंतरचे वर्ग होते, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा निधी होता, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा होता. महिनाअखेरीपर्यंत तो सोडला गेला. टायटल वन त्यात नव्हता. पण जुलै हा सप्टेंबरसाठी माणसं नेमायचा महिना आहे, आणि तासावर काम करणाऱ्या माणसाला महिनाभर ‘बघू’ असं सांगितलं तर तो दुसरं काम धरतो. त्याला दोष देता येत नाही. पैसे उशिरा आले तरी येतात. गेलेलं माणूस परत येईलच असं नाही. आकड्यांची चर्चा करणाऱ्यांनी ही गोष्ट धरावी असं मला फार वाटतं.

संध्याकाळी सहा. कॅफेटेरियात बाकं सरकवून खुर्च्या मांडल्यात. टायटल वनची वार्षिक पालकसभा आहे. कायद्यानेच ती घ्यावी लागते. दारात हेडफोनची पेटी, मागे तीन दुभाषी: स्पॅनिश, अरबी, बंगाली. पालक कामाच्या कपड्यांतच आलेत. काहींच्या कडेवर पोरं आहेत. प्रिन्सिपल थोडक्यात सांगतात: आपल्या शाळेत चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं गरीब घरांतली आहेत, म्हणून निधी सगळ्या शाळेसाठी वापरता येतो.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हात वर करतात. बंगाली दुभाषी त्यांचं बोलणं इंग्रजीत आणतो. “माझी मुलगी सकाळी त्या वेगळ्या टेबलावर बसते. आम्ही गरीब म्हणून बसवता का?”

खोलीतली कुजबुज थांबते. “नाही,” प्रिन्सिपल म्हणतात. “शाळेला पैसे मिळतात ते गरिबीच्या आकड्यावर. टेबलावर कोण बसणार ते वाचनाच्या चाचणीवर ठरतं. तुमचं उत्पन्न टीचरना माहीतही नसतं.”

“मग ती वाचनात कच्ची आहे?”

“वाचते छान. तिला शब्दांचे अर्थ कमी माहीत आहेत.”

गृहस्थ मान हलवतात, पण खाली बसत नाहीत. “घरी आम्ही बंगालीत बोलतो. ते बंद करायचं का?” “मुळीच नको,” हे उत्तर प्रिन्सिपल आणि टीचर एकाच वेळी देतात. टीचर पुढे सांगतात, “जी गोष्ट तिला बंगालीत कळली आहे, तिचा इंग्रजी शब्द आम्ही लवकर शिकवू शकतो.” मी ‘शेड’ची आठवण करते आणि मला ते अगदी पटतं.

मग तक्ता लावला जातो. विभागाला पाच लाख डॉलरहून जास्त मिळत असतील तर त्यातला निदान एक टक्का पालकांच्या सहभागासाठी ठेवायचा, आणि तो कसा वापरायचा हे पालकांनीही सांगायचं. सूचना येतात. मोठ्यांसाठी इंग्रजीचे वर्ग. घरी न्यायला पुस्तकांच्या पिशव्या. हिजाब घातलेल्या एक आजी उभ्या राहतात आणि अरबीत बरंच काही बोलतात. दुभाषी सांगतो, “त्या म्हणतात, सभा संध्याकाळी घेता, पण गोदामात रात्रपाळी करणाऱ्या आया या वेळी कामावर निघतात. सकाळी मुलं सोडायला त्या येतातच. तेव्हा घ्या.” प्रिन्सिपल ते सगळ्यांत वर लिहितात. टाळ्या पडतात, आणि त्या योग्य माणसाला पडतात.

सभा उठते. मी हेडफोन गोळा करते आहे, तेवढ्यात त्या मुलाची आई कडेच्या बाकावर शाळेच्या समाजसेविकेजवळ बसलेली दिसते. मुलगा शेजारी, नाचाच्या तासाने दमलेला. स्पॅनिश दुभाषी मुलीला त्यांनी थांबवून घेतलं आहे. आई मलाही खुणेने बोलावते.

“घर मिळतंय,” ती म्हणते. “मावशीच्या गावातच. नोव्हेंबरपासून. पण मग आम्ही बेघर नाही राहणार ना? गाडी बंद होईल? याला शाळा सोडावी लागेल?”

घर मिळण्याची बातमी ती अशी घाबरत सांगते आहे.

“नाही,” समाजसेविका म्हणतात. “घर मिळालं तरी हे वर्ष संपेपर्यंत तो इथेच राहू शकतो. गाडीसकट. जूनपर्यंत.”

दुभाषी सांगते. आई पुन्हा विचारते, समाजसेविका पुन्हा तेच सांगतात, या वेळी महिने बोटांवर मोजत. आई माझ्याकडे वळते. “आणि जूननंतर? तिथे असं टेबल असेल?”

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नाही. निधी शाळेला मिळतो, मुलाच्या पाठोपाठ जात नाही. नव्या गावातली त्याची शाळा या यादीत असेल किंवा नसेल. असली तरी तिथे हा पैसा दुसऱ्याच कामाला लावलेला असू शकतो. मी एवढंच सांगते की त्याच्या वाचनाची नोंदवही मी दर आठवड्याला भरते. कोणता आवाज येतो, कोणता येत नाही, काय केल्यावर येतो, सगळं त्यात असतं. ती त्याच्या कागदपत्रांबरोबर पाठवायला मी टीचरना सांगेन, आणि एक प्रत तुम्हालाही देईन. नव्या बाईंच्या हातात पहिल्याच दिवशी ठेवा.

“आणि सकाळचा उशीर?” मी समाजसेविकेला विचारते. “आठवड्यातून दोनदा तरी त्याचा अर्धा गट बुडतो.”

त्या वही उघडतात. “मार्ग बदलून मागते. त्याला शेवटी घ्यायला सांगते, म्हणजे तो गाडीत कमी वेळ बसेल. पण गाडी शाळेत पोचायची वेळही अलीकडे यायला हवी.” त्या वाहतूक विभागाचा नंबर आणि उद्याची तारीख लिहितात. मी साडेनऊचा गट दहाला नेता येईल का ते टीचरना विचारायचं ठरवते. त्यासाठी गणिताच्या गटाशी अदलाबदल करावी लागेल.

आई दुभाषी मुलीला काहीतरी हळू सांगते. मुलगी आमच्याकडे बघून म्हणते, “त्या विचारतात, जूनपर्यंत इथेच राहता येईल, हे लेखी मिळेल का? नोव्हेंबरमध्ये कुणी वेगळं सांगितलं तर दाखवायला.”

“मिळेल,” समाजसेविका म्हणतात. “स्पॅनिशमध्येच देते.” आणि ऑफिसचं दार पुन्हा उघडायला त्या किल्ल्या काढतात.